जुन्या मोटारसायकलच्या दिव्यांतील बिघाड व तो शोधून काढण्याची रीत

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत शेतकऱ्याचें काम सूर्यास्ताबरोबर संपत नाहीं. पहांटे अंधारांतच दुधाच्या किटल्या गाडीला अडकवून डेअरी गांठावी लागते. नारायणगांव, मंचर किंवा ओतूर येथील बाजारांत माल पाठविला म्हणजे पट्टी घेऊन परत येण्यास रात्र होते. जेथें पंपाची वीज रात्रीच्या पाळीनें मिळते, तेथें मध्यरात्रीं उठून दारें धरावयास जावें लागतें. हीं सर्व कामें आज मोटारसायकलवर होतात, आणि ती गाडी पुष्कळ घरीं दहा, पंधरा, कोठें कोठें तीस वर्षांची जुनी असते. इंजिन चालत असतें, म्हणून दिव्याकडे कोणी पाहत नाहीं.

पण दिवा ही शोभेची वस्तु नव्हे. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उंसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरचे ट्रेलर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. त्यांतील पुष्कळांच्या पाठीमागें दिवा नसतो. आपल्या गाडीचा पुढचा दिवा मंद असेल, तर उंसाचीं वाढीं तोंडाशीं आल्यावरच ट्रेलर दिसतो. मागचा दिवा बंद असेल, तर पुणें–नाशिक रस्त्यानें भरधांव येणाऱ्या मोटारीस आपण दिसतच नाहीं. शिवाय, कुकडी व डिंभे यांच्या कालव्यांखालीं ऊंस वाढला तसा त्या उंसांत बिबट्याहि राहूं लागला. माणिकडोह येथें त्यासाठीं वनखात्याचें निवारा केंद्र आहे, आणि दुचाकीस्वारांवर बिबट्यानें झडप घातल्याचे प्रकार या तालुक्यांत घडलेले आहेत. अशा वाटेवर दिवा मध्येंच विझणें ही लहान गोष्ट नाहीं.

इ. स. २०१७ च्या एप्रिल महिन्यापासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू होतांच आपोआप पेटून राहील अशी योजना सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या बहुतेक गाड्यांस ही सोय नाहीं. त्यांचा दिवा बिघडला आहे हें दिवसा कळत नाहीं. अंधार पडल्यावर, घरापासून दूर असतांना कळतें. म्हणून या विषयाची थोडी माहिती प्रत्येक गाडीवाल्यास असणें अगत्याचें आहे.

मुद्याची गोष्ट प्रथमच सांगून ठेवतों. जुन्या गाडीच्या दिव्यांचे बिघाड बहुधा जोडांत असतात. यंत्रांत क्वचित् असतात. गंजलेला जोड, सैल पडलेला स्क्रू, घांसलेली तार यांचें काम पॉलिश-पेपरच्या तुकड्यानें अर्ध्या तासांत होतें. पण रीत माहीत नसल्यामुळें आधीं बल्ब, मग बॅटरी, मग रेक्टिफायर, मग कॉइल अशा वस्तु एकामागून एक बदलल्या जातात. पैसे खर्च होतात, आणि मूळचा गंज जागच्या जागीं राहतो. वस्तु बदलण्यापूर्वीं वाट तपासावी, हें या लेखाचें सार आहे.

१. विजेची वाट

विजेला पाण्याची उपमा देण्याची चाल आहे. परंतु पाटाचें पाणी वाफ्यांत मुरतें, तें परत येत नाहीं. वीज मात्र निघाली तेथें परत यावी लागते. म्हणून पाटापेक्षां रहाटाची उपमा अधिक जुळते. रहाटाची माळ भरलेलीं गाडगीं वर आणते व रिकामीं खालीं नेते. माळ चढत्या बाजूस तुटो कीं उतरत्या बाजूस तुटो, पाणी सारखेंच बंद पडतें.

मोटारसायकलमध्यें वीज निघते ती बॅटरीच्या एका टोकापासून किंवा इंजिनावरील कॉइलपासून. ती फ्यूज, किल्लीचा स्विच, हँडलावरील स्विच व तारा यांतून बल्बच्या बारीक तंतूंत जाते. तंतु तापून उजेड पडतो. नंतर ती बल्बच्या धातूच्या बुडांतून होल्डरांत व होल्डरांतून गाडीच्या लोखंडी सांगाड्यांत शिरते आणि सांगाड्यावाटे मूळ ठिकाणीं परत येते. परतीसाठीं निराळी तार न घालतां सांगाड्याचाच उपयोग केलेला असतो. कारागीर याला अर्थिंग म्हणतात. जातांनाची वाट रंगीत तारांमुळें डोळ्यांस दिसते, म्हणून तिच्याकडे सर्वांचें लक्ष जातें. येतांनाची वाट दिसत नाहीं, म्हणून तिची कोणी विचारपूस करीत नाहीं. रंग, गंज व चिखल यांनीं अडते ती बहुधा हीच वाट.

जोडांतील थोडासा गंज किती उजेड खातो याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ३५ वॅटच्या बल्बास १२ व्होल्टवर सुमारें ३ अँपिअर प्रवाह लागतो. ६ व्होल्टवर सुमारें ६ अँपिअर लागतो. समजा, गंजामुळें वाटेंत एक पंचमांश ओहम इतका विरोध उत्पन्न झाला. १२ व्होल्टच्या गाडींत त्यामुळें सुमारें अर्धा व्होल्ट वाटेंतच नष्ट होतो व उजेड सुमारें एक सप्तमांश घटतो. हें डोळ्यांस फारसें जाणवत नाहीं. ६ व्होल्टच्या गाडींत तोच गंज सुमारें एक व्होल्ट खातो, आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. कारण, व्होल्ट जितके घटतात त्याहून किती तरी अधिक प्रमाणांत तंतूचा उजेड घटतो. राजदूत, जुनी जावा, जुनी बुलेट अशा ६ व्होल्टच्या गाड्यांचे दिवे ‘मुळांतच मंद’ अशी त्यांची ख्याति आहे. त्या दोषाचा मोठा वाटा गंजलेल्या जोडांकडे जातो.

२. कोणता दिवा कोणत्या विजेवर चालतो

शोधास लागण्यापूर्वीं हें निश्चित केलेंच पाहिजे, कारण दिव्यांस वीज देण्याच्या दोन पद्धति आहेत.

पहिल्या पद्धतींत इंजिन फिरूं लागलें म्हणजे चक्रांतील चुंबकाच्या योगानें कॉइलमध्यें जी वीज उत्पन्न होते, ती सरळ दिव्यास जाते. ही वीज क्षणोक्षणीं दिशा पालटणारी, म्हणजे ए. सी., असते. इंजिन थांबलें कीं दिवा विझतो. लूना, एम-८० यांसारख्या हलक्या गाड्यांचा पुढचा दिवा असा चालतो. दुसऱ्या पद्धतींत उत्पन्न झालेली वीज एकाच दिशेची, म्हणजे डी. सी., करून बॅटरींत सांठविली जाते व दिवा बॅटरीवर जळतो. जुनी जावा व बुलेट या दुसऱ्या वर्गांतील होत.

आपल्याकडे गांवोगांव दिसणाऱ्या, १९९४ सालीं निघालेल्या स्प्लेंडरच्या जुन्या गाड्यांत व तिच्या जातीच्या शंभर सी. सी.च्या पुष्कळ गाड्यांत दोन्ही पद्धति एकत्र आहेत. पुढचा मोठा दिवा व मागचा तांबडा दिवा इंजिनाच्या विजेवर. आणि हॉर्न, इंडिकेटर व ब्रेकचा दिवा बॅटरीच्या विजेवर. म्हणून अशा गाडीचा पुढचा दिवा मंद झाला असतां नवी बॅटरी आणणें व्यर्थ आहे, आणि हॉर्न वाजत नाहीं म्हणून दिव्याची कॉइल उघडणेंहि व्यर्थ आहे.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि प्रत्येक स्विच लावून पाहावा. जे चालेल तें बॅटरीवरचें. मग इंजिन सुरू करून पुन्हां पाहावें. जो दिवा आतांच पेटला व ॲक्सिलरेटर वाढवितांच अधिक उजळला, तो इंजिनाच्या विजेवरचा. गाडी धड असतांनाच ही यादी वहींत लिहून ठेवावी. बिघाड झाल्यावर अर्धा शोध त्या यादीनेंच संपतो.

३. जवळ ठेवावयाचें साहित्य

एक पेंचकस, एक पक्कड, पॉलिश-पेपर, हातभर लांबीचे इन्सुलेशन असलेल्या तारेचे दोन तुकडे, योग्य अँपिअरचे दोन फ्यूज, एकेक जादा बल्ब आणि तपासणीचा दिवा एवढें पुरे. तपासणीचा दिवा घरीं करतां येतो. जुन्या इंडिकेटरचा होल्डर घेऊन त्यांत गाडीच्या व्होल्टचा लहान बल्ब बसवावा व होल्डरास दोन तारा जोडाव्या. एक तार सांगाड्याच्या उघड्या, स्वच्छ लोखंडास लावून दुसरी ज्या टोकास टेंकावी तेथें वीज असेल तर बल्ब पेटतो. वीज आहे कीं नाहीं एवढें यानें कळतें. किती आहे हें कळण्यास मीटर लागतो. साधा मीटर थोडक्या किंमतींत मिळतो व दोघांतिघांत मिळून एक पुरतो. इंजिनाची वीज मोजतांना मीटरची खूण ए. सी.वर व बॅटरीची मोजतांना डी. सी.वर ठेवावी.

कामास हात घालण्यापूर्वीं पेट्रोल कोठें झिरपत नाहीं याची खात्री करावी. तार सोडवावयाची असेल तेव्हां बॅटरीचें सांगाड्यास जोडलेलें टोक प्रथम सोडवावें व शेवटीं जोडावें; हल्लींच्या गाड्यांत हें ऋण टोक असतें, परंतु जुन्या इंग्रजी बनावटीच्या कांहीं गाड्यांत धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. बॅटरीजवळ बिडी किंवा काडी पेटवूं नये. चार्जिंगच्या वेळीं तिच्यांतून पेट घेणारा वायु निघतो.

४. शोधाचा क्रम

पहिली पायरी : पाहणी. एकच दिवा बंद आहे, एका वर्गांतील सर्व बंद आहेत, कीं गाडींतील सर्व बंद आहेत, हें पाहावें. एकच बंद असल्यास दोष त्या दिव्याच्या बल्बांत, होल्डरांत किंवा तारेंत. बॅटरीवरचे सर्व बंद असल्यास दोष फ्यूज, बॅटरी किंवा किल्लीच्या स्विचांत. इंजिनावरचे सर्व बंद असल्यास दोष कॉइल, रेग्युलेटर किंवा त्यांच्या जोडांत. ज्या ठिकाणीं वाटा फुटतात त्याच्या अलीकडे दोष आहे कीं पलीकडे, एवढें ठरलें म्हणजे शोधाचें क्षेत्र लहान होतें.

दुसरी पायरी : बल्ब. बल्ब काढून उजेडाकडे धरावा. तंतु तुटला किंवा कांच काळी पडली असल्यास बदलावा. तंतु शाबूत दिसला तरी बल्ब दुसऱ्या गाडींत लावून पाहावा, कारण बुडाशीं सुटलेला तंतु डोळ्यांस दिसत नाहीं. होल्डरांतील पितळी टोकें काळीं किंवा हिरवीं पडलीं असतील तर घांसावीं, व त्यांची स्प्रिंग बसली असल्यास हलक्या हातानें उचलावी. पुढच्या दिव्यांत उंच व खालचा असे दोन तंतु असतात. दोहोंपैकीं एकच बंद असेल तर तो तंतु किंवा डिपरचा स्विच यांत दोष. दोन्ही एकदम बंद झाले असतील तर बहुधा अर्थिंग किंवा मुख्य तार यांत दोष.

तिसरी पायरी : अर्थिंग. ही पायरी कधींहि वगळूं नये. तारेच्या तुकड्याचें एक टोक दिव्याच्या होल्डरास व दुसरें बॅटरीच्या सांगाड्याकडील टोकास किंवा इंजिनाच्या उघड्या धातूस धरावें. दिवा लागला किंवा उजळला, तर दोष सांपडला. पुष्कळ जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्याची वीज हँडलाच्या मानेंतील छऱ्यांतून परत येते. तेथें वंगण व गंज साचला म्हणजे हँडल वळविल्याबरोबर उजेड कमीअधिक होतो. उपाय : दिव्याच्या वाटींतून सांगाड्यापर्यंत एक स्वतंत्र तार न्यावी, तिच्या टोकास थिंबल बसवावें, बोल्टाखालील रंग घांसून काढावा आणि घट्ट आवळून वर थोडें ग्रीस लावावें.

चवथी पायरी : फ्यूज व बॅटरी. फ्यूज जळला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालावा; तोहि तत्काळ जळाला तर तिसरा घालूं नये, तार कोठें तरी सांगाड्यास लागली आहे असें समजावें. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली व कांहीं तास स्वस्थ ठेवलेली असतां सुमारें १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या जवळ असल्यास ती निम्मी रिकामी आहे. ६ व्होल्टच्या बॅटरीस हे आंकडे निम्मे समजावे. इंजिन मध्यम वेगानें चालवून पाहतां १२ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर सुमारें १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. न वाढल्यास चार्जिंग होत नाहीं. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे, आणि मग बॅटरींतील पाणी आटतें व बल्ब वारंवार जातात. बॅटरींत विहिरीचें किंवा नळाचें पाणी कदापि घालूं नये. त्यांतील क्षारांनीं पत्रे खराब होतात. ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. टोकांवर पांढरी–हिरवी बुरशी दिसल्यास खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून धुवावें, कोरडें करावें व वर व्हॅसलीन लावावें. हें धुतांना झांकणें बंद असावींत. सोड्याचें पाणी आंत जातां कामा नये.

पांचवी पायरी : तारा. तार बहुधा तीन ठिकाणीं तुटते. हँडलाच्या मानेजवळ, कारण तेथें ती रोज शेंकडों वेळां वांकते. मागच्या मडगार्डाखालीं, कारण तेथें चिखल उडतो व पत्र्याची कड घांसते. आणि सीटच्या खालीं, कारण तेथें उंदीर शिरतात. दिवा लावून तारांचा जुडगा हातानें हळू हालवीत जावें. ज्या ठिकाणीं दिवा मिचकेल तेथें दोष. वरचें वेष्टण धड असूनहि आंतील तांबें तुटलेलें असूं शकतें. तुटलेल्या तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळणें हा उपाय नव्हे. पहिल्या पावसांत तो जोड हिरवा पडतो. जोड डाग देऊन करावा किंवा दाबून बसणारें कपलर घालावें.

सहावी पायरी : स्विच. स्विचाच्या येणाऱ्या व जाणाऱ्या टोकांस तारेचा तुकडा क्षणभर लावावा. दिवा लागल्यास स्विच दोषी. तो उघडून घांसावा; उघडतांना आंतील बारीक स्प्रिंग व गोळी उडून हरवते, म्हणून खालीं पांढरें फडकें अंथरावें. तपासणीसाठीं लावलेली तार तशीच ठेवून गाडी चालवूं नये.

सातवी पायरी : कॉइल, रेक्टिफायर, रेग्युलेटर. येथपर्यंत दोष सांपडला नाहीं तरच या वस्तूंकडे वळावें, आणि येथें जाणत्या कारागिराचा हात घ्यावा. परंतु त्याच्याकडे जातांना वरील सहा पायऱ्या झाल्या आहेत असें सांगावें. म्हणजे त्याचा वेळ व आपले पैसे वाचतात.

५. लक्षणावरून निदान

ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा मंद होतो किंवा इंडिकेटर अंधुक पेटतो : मागच्या दिव्याचें अर्थिंग तुटलें आहे. परतीची वाट बंद झाल्यामुळें वीज दुसऱ्या तंतूंतून वाट काढते.

इंडिकेटर एका बाजूस फार जलद मिचकतो किंवा मुळींच मिचकत नाहीं : त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे किंवा कमी वॅटचा बसविला आहे. दोन्ही बाजूंस तसेंच होत असेल तर बॅटरी व फ्लॅशर पाहावे.

मंद वेगानें पुढचा दिवा मिणमिणतो, वेग वाढवितांच उजळतो : गाडी इंजिनाच्या विजेवरची असल्यास तो तिचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

खड्ड्यांत गाडी आदळली कीं फ्यूज जातो : घांसलेली तार सांगाड्यास लागते. मडगार्ड व सीटखालील भाग तपासावा.

पुढचा बल्ब गेला आणि थोड्याच वेळांत मागचाहि गेला : ज्या जुन्या गाड्यांत रेग्युलेटर नसतो त्यांत हें नेहमीं घडतें. पुढचा मोठा बल्ब विजेचा मोठा वाटा घेत असतो. तो विझला कीं सर्व जोर मागच्या लहान बल्बावर पडून तोहि जळतो. अशा गाडीचा पुढचा बल्ब गेल्यास वेग कमी ठेवावा आणि योग्य वॅटचा नवा बल्ब बसवीपर्यंत इंजिन जोरानें चालवूं नये.

६. एक उदाहरण

आमच्या शिवेवरील एक गृहस्थ रोज पहांटे दोन किटल्या दूध मोटारसायकलवर नेतात. त्यांच्या गाडीचा मागचा दिवा वारंवार बंद पडे. तीन वेळां बल्ब बदलला. प्रत्येक वेळीं दिवा दोन दिवस चाले व पुन्हां बंद पडे. नंतर कॉइल बदलण्याचा सल्ला मिळाला. काढलेले बल्ब पाहतां तिघांचेहि तंतु शाबूत होते. म्हणजे बल्ब गेलाच नव्हता. तपासणीचा दिवा तारेच्या टोकास लावतां वीज तेथवर येत होती. म्हणजे जातांनाची वाट व कॉइल दोन्ही धड होतीं. राहिली परतीची वाट. होल्डरापासून सांगाड्यापर्यंत तारेचा तुकडा धरतांच दिवा लख्ख पेटला. किटलीचा आंकडा मागच्या मडगार्डाच्या बोल्टावर रोज हिसके देत होता. बोल्ट सैल होऊन त्याखालीं गंज साचला होता. बल्ब बदलतांना दिवा हाताळला जाई, त्यामुळें गंज थोडा घांसला जाऊन दोन दिवस काम चाले, एवढाच बल्ब बदलण्याचा गुण. बोल्ट काढून पत्रा घांसला, एक स्वतंत्र तार सांगाड्याला नेली आणि किटलीचा आंकडा दुसऱ्या नळीवर घेतला. खर्च हातभर तारेचा झाला.

या उदाहरणावरून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, प्रत्येक परीक्षेनें एक शंका कायमची मिटली पाहिजे. नुसतें ‘हें बदलून पाहूं’ म्हणण्यानें कोणतीच मिटत नाहीं.

७. ज्या गोष्टी करूं नयेत

फ्यूजच्या जागीं चांदीचा कागद किंवा तांब्याची तार घालूं नये. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा आहे. तो जळाला नाहीं तर तारांचा जुडगा जळतो, आणि त्या जुडग्याच्या वरच पेट्रोलची टांकी असते.

उजेड वाढावा म्हणून जास्त वॅटचा बल्ब घालूं नये. कॉइलची शक्ति ठराविक असते. मोठा बल्ब तिला पेलत नाहीं व उलट मंद जळतो, आणि स्विच व होल्डर तापून वितळतात. ६ व्होल्टच्या गाडींत १२ व्होल्टचा बल्ब अंधुक जळतो. १२ व्होल्टच्या गाडींत ६ व्होल्टचा तत्काळ जातो. बल्बाच्या बुडावरील आंकडे वाचल्याशिवाय तो बसवूं नये.

एल. ई. डी. दिव्यांस वीज थोडी लागते हा त्यांचा गुण खरा. परंतु बॅटरीसाठीं केलेला असा दिवा इंजिनाच्या ए. सी. विजेवर बसविल्यास तो फडफडतो किंवा लवकर मरतो. शिवाय जुन्या वाटींत तो बसविला असतां किरण नीट एकवटत नाहींत. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि आपल्या पुढचा रस्ता मात्र अंधाराच राहतो.

८. आपल्या मुलुखांतील कारणें व प्रतिबंध

आपले दोन्ही तालुके पश्चिमेस सह्याद्रीला टेंकलेले व पूर्वेस कोरडे आहेत. माळशेज, भीमाशंकर, आहुपें या बाजूस पावसाळ्याचे चार महिने धुकें व ओल हटत नाहीं. तेथें जोड गंजतात. पूर्वेकडील गांवांत धूळ स्विचांत शिरून टोकांवर बसते. पण हवेपेक्षांहि अधिक नुकसान आपल्याच व्यवहारानें होतें. पोटॅशच्या गोणी मागें बांधून नेल्या म्हणजे त्यांतील क्षार सांडून मागच्या दिव्याच्या जोडांत बसतो व ओल लागतांच धातु खातो. द्राक्षबागेंतील मोरचूद लोखंडास तसेंच खातो. गाडी गोठ्यांत उभी केली तर मुताच्या वाफेंतील अमोनियानें तांब्याच्या तारा हिरव्या पडतात, आणि वैरणींतील उंदीर तारांचें वेष्टण कुरतडतात. पंपाच्या जोरदार धारेनें गाडी धुतली तर पाणी होल्डरांत शिरून राहतें.

म्हणून खताची वाहतूक झाली कीं मागचा भाग साध्या पाण्यानें हलकेच धुवून वाळवावा. गाडी गोठ्याऐवजीं पडवींत ठेवावी. मागच्या दिव्यावर गोणी, किटली किंवा वैरणीचा भारा येणार नाहीं असें ओझें बांधावें. झांकलेला दिवा व विझलेला दिवा यांत मागून येणाऱ्यास फरक नाहीं. मागच्या मडगार्डावर व किटल्यांवर उजेड परतविणारी तांबडी पट्टी चिकटवावी. तिला वीज लागत नाहीं, आणि दिवा दगा देईल त्या रात्रीं तीच एक खूण राहते. लहान विजेरी नेहमीं खिशांत असावी.

वर्षांतून दोन वेळां सर्व जोड पाहावे. एकदां मृग लागण्यापूर्वीं, कारण त्यानंतर ओल सुरू होते. आणि एकदां खंडेनवमीस. त्या दिवशीं आपण अवजारें व गाड्या धुवून त्यांस झेंडूच्या माळा घालतोंच, आणि त्यानंतर लवकरच उंसाच्या गाड्या रस्त्यावर येतात. पूजेपूर्वीं अर्धा तास पॉलिश-पेपर हातांत घेऊन प्रत्येक बल्ब, प्रत्येक अर्थिंगचा बोल्ट व बॅटरीचीं टोकें घांसावीं; संध्याकाळीं अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून सर्व दिवे एकेक लावून पाहावे, आणि काय पाहिलें व काय बदललें याची तारीखवार नोंद वहींत करावी. ही वही दोन वर्षें चालली म्हणजे आपल्या गाडीचा कोणता जोड कोणत्या महिन्यांत दगा देतो हें तीच सांगूं लागते.